निर्धूर शहरांच्या वाटेने : चंडीगड ते सिमला

थंड हवेच्या ठिकाणी माणसे हवा खाण्यासाठी जातात, असे आपण सहज म्हणतो. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता, माझे कनिष्ठ बंधू आणि त्यांच्या पत्नी असे चौघे चंडीगड व सिमला येथे आठ दिवस राहून आलो. देवदारांची वने, रिजवरून दिसणारी हिमशिखरे आणि जाखूच्या टेकडीवरील वानरसेना यांची वर्णने यापूर्वी अनेकांनी केली आहेत आणि माझ्याहून चांगली केली आहेत. मला त्या प्रवासातील हवेविषयीच लिहायचे आहे. परंतु डोंगरावरील नव्हे, तर दुकाने, कचेऱ्या, उपाहारगृहे आणि रेल्वेचे डबे यांच्या आतील हवेविषयी.

निघण्यापूर्वी काही नोंदी वाचनात आल्या होत्या. चंडीगड हे १५ जुलै २००७ रोजी धूम्रपानमुक्त म्हणून जाहीर झालेले भारतातील पहिले शहर. सिमला शहर २ ऑक्टोबर २०१० रोजी त्याच मालिकेत आले आणि २०१३ मध्ये सारे हिमाचल प्रदेश राज्यच धूम्रपानमुक्त घोषित झाले. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाचे कागदावरील नोंदीने समाधान होत नाही. तारण ठेवलेला माल पुस्तकात किती आणि गोदामात किती, हे स्वतः जाऊन पाहण्याची आम्हांला सवय. निपाणी भागातील गोदामांत तारण तंबाखूची पोती मोजण्याचे कामही मी काही काळ केले आहे. तेथून परतल्यावर सदऱ्याचा वास दोन धुण्यांतही जात नसे. तेव्हा या दोन शहरांत पुस्तकातली शिल्लक आणि प्रत्यक्षातली शिल्लक जुळते का, ते पाहावे असे मनात होते.

बंधूंना हा विषय प्रथम रुचला नाही. त्यांची कापडाची घाऊक पेढी आहे. दिल्लीपर्यंतच्या गाडीतच ते म्हणाले, "अण्णा, आपल्या घरात कुणी कधी विडीला हात लावलेला नाही. आपल्याला या कायद्याशी काय करायचे आहे?"

हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल, म्हणून मुद्दाम नोंदवला. त्यांच्या पेढीवर चाळीस वर्षे काम करीत असलेले दिवाणजी दम्याचे रोगी आहेत, हे त्यांना ठाऊक होते. बाहेरगावचे व्यापारी आणि दलाल येतात, गादीवर टेकतात, सौदा लांबतो आणि सिगारेट पेटते, हेही ठाऊक होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मात्र पेढीवर कुणी कधी बोलून दाखवले नव्हते. दिवाणजींनी तर नाहीच.

चंडीगडला आम्ही तीन दिवस होतो. ल कॉर्बुझिए या वास्तुतज्ज्ञाच्या आराखड्यानुसार वसलेल्या या शहरात आपल्याकडच्या पेठांची दाटी कुठेच नाही. सेक्टर सतरामधील प्रशस्त चौकात वाहनांना मज्जाव आहे. माणसे पायी फिरतात आणि दुकाने पाहतात. आमच्या भावजयींना नेक चंद यांनी फुटक्या बांगड्या व चिनी मातीच्या तुकड्यांतून उभे केलेले रॉक गार्डन इतके आवडले की आम्ही तेथे दोनदा गेलो. मी मात्र जिथे जाऊ तिथे दाराकडे पाहत होतो. बँका, औषधांची दुकाने, कापडाची दालने, उपाहारगृहांचे जिने. बहुतेक ठिकाणी पाटी होती : हे धूम्रपान निषिद्ध क्षेत्र आहे, येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे. आत गेल्यावर वास येत नव्हता. बाहेर, वाहनतळाच्या कडेला, थोटके पडलेली होती आणि दोघे-तिघे तरुण झाडाखाली ओढत उभे होते. यात नियमभंग नव्हता. केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत मोकळी जागा 'सार्वजनिक स्थळ' म्हणून सर्वसाधारणपणे येत नाही. छपराखालच्या आणि लोकांच्या राबत्याच्या जागा येतात. 'धूम्रपानमुक्त शहर' म्हणजे जेथे कुणीच ओढत नाही असे शहर, अशी समजूत करून कुणी गेला तर त्याची निराशा होईल. जेथे दुसऱ्याला श्वास घेण्यावाचून गत्यंतर नाही तेथे कुणी ओढत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हे कसे साधले, त्याची हकिगत मला बँकेच्या दृष्टीने फार मनोरंजक वाटते. कायदा २००३ चा होता, सर्व देशाला लागू होता आणि सर्व देशात कपाटात पडून होता. चंडीगडमधील हेमंत गोस्वामी आणि त्यांची 'बर्निंग ब्रेन सोसायटी' ही संस्था यांनी नव्याने आलेल्या माहिती अधिकाराचा उपयोग केला. तुमच्या कार्यालयात पाटी लावली आहे काय, दंड करण्याचे अधिकार कुणाला दिले आहेत, आजवर किती दंड झाला, असे साधे प्रश्न त्यांनी कार्यालयांमागून कार्यालयांना अर्ज करून विचारले. प्रश्नाचे लेखी उत्तर द्यायचे म्हटले की कुणाला तरी फाईल उघडावी लागते. आणि उत्तर 'नाही' असे लिहिण्यापेक्षा पाटी लावणे सोपे पडते. आमच्याकडेही हिशेब तपासनिसाचा शेरा आला म्हणजे वर्षभर न सुचलेले काम आठवड्यात उरकत असे.

चंडीगडहून कालका अगदी जवळ आहे. तेथून सिमल्याला जाणारी छोट्या रुळांची गाडी १९०३ साली सुरू झाली; २००८ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ९६ किलोमीटरच्या या मार्गावर १०२ बोगदे आहेत. सर्वांत लांब बोगदा बरोगचा, अकराशे मीटरांहून अधिक. या बोगद्याचे खोदकाम दोन्ही टोकांकडून सुरू झाले आणि मध्ये जुळले नाही, म्हणून त्या इंग्रज अभियंत्याला सरकारने एक रुपया दंड केला आणि त्या अपमानाने त्याने आत्मघात केला, अशी कथा तेथे सांगतात. दंडाची रक्कम आणि दंडाचा परिणाम यांचा संबंध नेहमी हिशेबात बसतोच असे नाही, हे त्या कथेवरून माझ्या मनात आले आणि पुढे सिमल्यात पुन्हा आठवले.

बोगदा आला की डब्यात अंधार होतो, मुले ओरडतात आणि हवा जागच्या जागी थांबते. अशा डब्यात एकाने सिगारेट पेटवली तर काय होईल, याची कल्पना करण्याची मला गरज नव्हती. विद्यार्थिदशेत मिरजेहून पुण्याला दुसऱ्या वर्गाच्या डब्यातून जाताना तो अनुभव आम्ही सर्वांनीच घेतला आहे. थंडीचे दिवस, खिडक्या बंद, आणि समोरच्या बाकावर विड्यांचे बंडल सुटलेले. लेकुरवाळी बाई मूल पदराखाली घेऊन दाराशी जाऊन उभी राही. उठायचे तिने, ओढणारा जागचा हलत नसे. त्यातही त्याच्या मनात दुष्टावा नसे. तो तिला जागा करून देई, मुलाला बिस्किट देई आणि पुढची विडी पेटवी.

त्या काळीही रेल्वेचा कायदा होता, हे पुष्कळांना माहीत नाही. १८९० च्या रेल्वे कायद्यात सहप्रवाशांच्या संमतीवाचून डब्यात धूम्रपान करणे हा गुन्हा होता. १९८९ च्या नव्या कायद्यात शब्द बदलले : दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतल्यास धूम्रपान करता येणार नाही, आणि रेल्वे प्रशासनाला वाटल्यास ते संपूर्ण गाडीतही बंदी घालू शकेल. वाचायला दोन्ही तरतुदी चांगल्या आहेत. परंतु दोहोंचे ओझे बसलेले होते ते त्या दाराशी उभ्या असलेल्या बाईवर. तिने बोलायचे, तिने हरकत घ्यायची, तिने चार अनोळखी पुरुषांच्या देखत वाईटपणा घ्यायचा. ती बोलत नसे, म्हणून कायदाही बोलत नसे.

नोकरीतही मी हेच पाहिले. माझ्या पहिल्या शाखेत रोखपालांची जागा काच आणि जाळी यांनी बंद केलेली होती. रोकड सुरक्षित राहावी म्हणून ती तशी असे. शेजारीच शाखाधिकाऱ्यांचे दालन, आणि मोठे खातेदार आले की टेबलावरची सिगारेटची डबी पुढे केली जाई; तो त्या काळचा शिष्टाचार होता. पंख्याने सारा धूर जाळीकडे लोटला जाई. रोखपाल निर्व्यसनी होते. दिवसभर नोटा मोजत आणि खोकत. तक्रार करायची तर शाखाधिकाऱ्यांकडे, आणि ॲश-ट्रे होता त्यांच्याच टेबलावर. निवृत्तीनंतर ते फार दिवस राहिले नाहीत. त्यांच्या आजाराचे कारण तोच धूर, असे मी म्हणणार नाही. तसे सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा. परंतु बंद जागेत दुसऱ्याचा धूर वर्षानुवर्षे घेणाऱ्या माणसाला काय होऊ शकते, हे जगाला तेव्हाही कळू लागले होते.

१९८१ च्या आरंभी जपानमधील ताकेशी हिरायामा यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. स्वतः कधीही धूम्रपान न केलेल्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची त्यांनी चौदा वर्षे नोंद ठेवली होती. ज्यांचे पती भरपूर सिगारेट ओढत, त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू लक्षणीयरीत्या अधिक आढळले. या अभ्यासावर तंबाखू कंपन्यांनी पुष्कळ आक्षेप घेतले. पुढे अन्य देशांतील अभ्यासांतूनही निष्कर्ष त्याच दिशेचे आले. २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने स्पष्ट म्हटले की या धुराचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही आणि खिडक्या, पंखे किंवा हवा शुद्ध करणारी यंत्रे यांनी तो धोका नाहीसा होत नाही. कारण साधे आहे. ओढणारा माणूस सिगारेटचे झुरके मधूनमधून घेतो. उरलेला वेळ ती त्याच्या बोटांत जळत असते, आणि तो धूर कुणाच्याच फुप्फुसातून न गाळता खोलीत पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या परक्या धुराने जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे दगावतात. त्यांत लहान मुलेही आहेत.

गाडी सिमल्याला पोहोचली तेव्हा दुपार उलटली होती. स्थानकाची उंची दोन हजार मीटरांहून अधिक. चढावर चालताना आमच्यासारख्या साठी ओलांडलेल्यांना श्वासाची जाणीव आपोआपच होते. मॉल रोडवर सामान्य वाहनांना बंदी आहे, त्यामुळे पेट्रोलचाही धूर नाही. संध्याकाळी स्कँडल पॉइंटपासून ख्राइस्ट चर्चपर्यंत माणसांचा पूर वाहत असतो. मॉलच्या खाली, पायऱ्या उतरून गेल्यावर, लोअर बाजार लागतो. खरी पेठ ती. अरुंद गल्ली, दोहों बाजूंस एकमेकांना चिकटलेली दुकाने, लोकर, शाली, भांडी, सुका मेवा. येथे बंधू रमले.

एका वयस्क शाल-विक्रेत्याच्या दुकानात आम्ही तासभर बसलो. दारातच पाटी होती. बंधूंनीच विषय काढला, गिऱ्हाईक रागावत नाही का म्हणून. ते गृहस्थ हसले. म्हणाले, पहिले दोन-तीन महिने कुरबुर झाली, मैदानी मुलखातून आलेले गिऱ्हाईक तावातावाने उठूनही गेले. आता कुणी पाटी वाचतही नाही, आत ओढायचे नसते हे सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. मग त्यांनी व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली. लोकर वास धरते. पूर्वी गिऱ्हाइकाने समोर बसून दोन सिगारेटी ओढल्या की उघडून दाखवलेल्या वीस शालींना तो वास लागे, आणि पुढचे गिऱ्हाईक शाल नाकाला लावून परत ठेवी. ठिणगीची धास्ती वेगळीच. "पाटी सरकारने लावायला लावली, पण तिने माल माझा वाचवला," असे ते म्हणाले. बंधू त्यावर काही बोलले नाहीत, पण दुकानातून निघताना पाटीची लांबी-रुंदी त्यांनी वितीने मोजलेली मी पाहिली.

पाटीची लांबी-रुंदी नियमात दिलेली आहे : किमान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर. इथपर्यंत कायदा कसा पोहोचला, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण त्या वाटेवर आपली माणसेही आहेत. गोव्यात शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांनी तंबाखूविरुद्ध दीर्घकाळ मोहीम चालवली आणि १९९७ मध्ये गोव्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान व थुंकणे यांवर बंदी घालणारा स्वतःचा कायदा केला. हिमाचल प्रदेशाचा कायदाही त्याच वर्षीचा. १९९९ च्या जुलैमध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान हा सार्वजनिक उपद्रव ठरवला. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या, नाट्यगृहे आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने यांत धूम्रपानास मनाई केली. न्यायालयाचा आधार संविधानाचा एकविसावा अनुच्छेद, म्हणजे जीविताचा हक्क, हा होता. जो धूम्रपान करीत नाही त्याला दुसऱ्याच्या धुराने बाधा का व्हावी, हा प्रश्न तेथे जीविताच्या हक्काचा ठरला. २००३ मध्ये संसदेने कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे सुधारित नियम अमलात आले.

या २००८ च्या नियमांत व्यापाऱ्याने लक्ष द्यावे असा भाग आहे. कामाची जागा हेही सार्वजनिक स्थळ होय, असे ते सांगतात. म्हणजे दुकान, पेढी आणि जेथे माणसे कामाला आहेत ते गोदामही. ओढणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु जागेचा मालक किंवा व्यवस्थापक यांचीही जबाबदारी तेथे लिहिलेली आहे. पाटी त्याने लावायची. ॲश-ट्रे, काड्यापेटी, लायटर अशी धूम्रपानास सोयीची वस्तू त्याने ठेवायची नाही. तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव लावायचे. आणि नियमभंगाची तक्रार येऊनही तो स्वस्थ बसला, तर जितक्यांनी नियम मोडला तितक्यांचा दंड त्याच्यावर. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. दाराशी उभ्या असलेल्या बाईवर आणि जाळीत बसलेल्या रोखपालावर जे ओझे होते, ते कायद्याने उचलून जागेच्या धन्यावर ठेवले. दोनशे रुपयांची रक्कम आज अगदीच किरकोळ आहे. वीस सिगारेटींचे एखादे बरे पाकीट याहून महाग पडते. दंड वाढवावा असे माझे मत आहे. तरी कायद्याचे खरे बळ पाटीत आहे, कारण पाटी असली म्हणजे कुणाला तोंड उघडावे लागत नाही.

या नियमांना एक भगदाडही आहे आणि ते आम्हांला सिमल्यातच भेटले. तीस किंवा अधिक खोल्यांचे हॉटेल, तीस किंवा अधिक आसनांचे उपाहारगृह आणि विमानतळ यांना धूम्रपानासाठी स्वतंत्र जागा ठेवण्याची मुभा आहे. नियमाप्रमाणे त्या जागेला चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, आपोआप मिटणारे दार हवे, आतली हवा बाहेर फेकणारी यंत्रणा हवी आणि ती जागा येण्याजाण्याच्या वाटेवर नको. आम्ही उतरलो होतो तेथे अशी एक खोली होती. दार आपोआप मिटत असे. परंतु दर दहा मिनिटांनी ते उघडून एक कोवळा मुलगा चहाचे पेले घेऊन आत जाई आणि रिकामे पेले घेऊन बाहेर येई. ग्राहकांसाठी ती खोली ऐच्छिक होती, त्याच्यासाठी नव्हती. आमच्या सौभाग्यवतींनी त्याला विचारले, "बाळा, तुला खोकला येत नाही का?" तो लाजून हसला आणि नाही म्हणाला. नोकरीवर असलेला मुलगा दुसरे काय म्हणेल?

आयर्लंड या देशाने २९ मार्च २००४ रोजी मद्यगृहांसह सर्व बंद कामाच्या जागांत धूम्रपान बंद केले, तेव्हा त्यांनी हा विचार नेमका याच बाजूने केला होता. संपूर्ण देशात असे करणारा तो जगातील पहिला देश. कायदा मांडला गेला तो गिऱ्हाइकाला शिस्त लावण्यासाठी नव्हे, तर आतल्या नोकरांच्या संरक्षणासाठी. नोकरांची संघटना त्याच्या बाजूने होती आणि मालकांची विरोधात. वर्षभराने मद्यगृहांतील धूम्रपान न करणाऱ्या नोकरांची लाळ तपासली, तेव्हा तिच्यातील कोटिनीन हा निकोटिनचा अंश ८० टक्क्यांनी घटलेला आढळला. म्हणजे त्याआधी ते न ओढता ओढत होते.

सिमल्यातील अखेरच्या संध्याकाळी रिजवरच्या बाकावर बसून बंधूंनी आपली खरी अडचण सांगितली. त्यांच्या पेढीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक पट्टीचे ओढणारे आहे. वर्षाकाठी मोठी खरेदी, उधारी वेळेवर चुकती. त्याला ओढू नका म्हणायचे कसे? "अण्णा, बाजार मंद आहे. तो उठून समोरच्या पेढीवर गेला तर?" ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याने दुकान चालवले आहे त्याला ती कळेल. तिला उत्तर आहे ते असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये अशा कायद्यांच्या परिणामांचा जगभरचा आढावा घेतला आणि उपाहारगृहे व मद्यगृहे यांच्या व्यवसायाला त्यांनी तोटा होत नाही, असा निष्कर्ष काढला. जेथे माणूस मौजेखातर तासन् तास बसतो तेथे जर तोटा नाही, तर जेथे तो भाव आणि माल पाहायला येतो तेथे का व्हावा? शिवाय नियम समोरच्या पेढीलाही तोच आहे.

आकडेही मी त्यांना सांगितले. भारतात प्रौढांच्या तंबाखू सेवनाची राष्ट्रीय पाहणी दोनदा झाली. २००९-१० मध्ये ५२.३ टक्के प्रौढांना घरात दुसऱ्याचा धूर घ्यावा लागत होता. २०१६-१७ मध्ये ते प्रमाण ३८.७ टक्क्यांवर आले. घरात कोणताही कायदा शिरत नाही, तरी तेथे सुधारणा झाली. इमारतीच्या आत काम करणाऱ्यांपैकी कामाच्या जागी धूर घ्यावा लागणाऱ्यांचे प्रमाण मात्र पहिल्या पाहणीत २९.९ टक्के होते आणि दुसऱ्या पाहणीत ३०.२. जेथे कायदा आहे, पाटीचे माप ठरलेले आहे, धन्याची जबाबदारी लिहिलेली आहे, तेथे सात वर्षांत काडीचा फरक नाही. ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्या कुणालाही या दोन ओळींतून कळेल की सूट कुठे दिली गेली आहे. महाराष्ट्रात त्याच पाहणीनुसार धूम्रपान करणारे प्रौढ शंभरांत चारही नाहीत. आपल्याकडचे खरे संकट खाण्याच्या तंबाखूचे आहे, आणि त्याविषयी वेगळे लिहावे लागेल. पण गादीभोवती दहा माणसे बसलेली असताना ओढणारा एक पुरे होतो.

बंधू बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "पाटीवर तक्रारीसाठी नाव लावावे लागते म्हणालास, ते कुणाचे?" मी म्हणालो, पेढीवर जो जबाबदार असेल त्याचे.

आम्ही परतल्यावर मे महिन्यात त्यांनी रंगाऱ्याकडून मापात पाटी करून घेतली. माझ्या पुतण्याने सुचवले होते की दिवाणजी दिवसभर पेढीवरच असतात, तेव्हा नाव त्यांचे घालावे. रंगाऱ्याला तसे सांगूनही झाले होते. बंधूंनी ते पुसायला लावले. दिवाणजी त्या गिऱ्हाइकाला काही म्हणू शकणार नाहीत, असे ते म्हणाले, आणि त्या जागी त्यांनी स्वतःचे नाव लिहून घेतले.